चाकाखालचं लिंबू

“वहिनी, फक्त एकदा नजर टाका. चूक-बिक असली तर आत्ताच सांगा. एकदा छापायला सोडलं की आपल्या हातात काही राहत नाही,” असं म्हणत फ्लेक्स बनवणाऱ्या सुहासनं गुंडाळी सोडली आणि सोप्यातल्या फरशीवर कागद पसरला. कागद सारखा गोळा व्हायला लागला. एका कोपऱ्यावर त्यानं गाडीची किल्ली ठेवली, दुसऱ्यावर पाकीट, आणि उरलेले दोन पायांनी दाबून उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण गेलेल्या माणसाच्या फोटोवर पाय देऊन उभे आहोत. जीभ चावून तो पटकन खाली बसला.

मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. धैर्यशील, म्हणजे माझा नवरा, गाडीच्या अपघातात गेला होता आणि सुहास आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बारावा होता. आमच्या कोल्हापुरात माणूस जन्मला की फ्लेक्स लागतो, निवडून आला की लागतो, गेला तरी लागतो. तालमीच्या चौकात धैर्यशीलचा मोठा फ्लेक्स लावायचं थोरल्या दीरांनी ठरवलं होतं. मी शाळेत गणित शिकवत असले तरी शाळेच्या वार्षिक अंकाचं मुद्रित कायम माझ्याकडंच तपासायला यायचं. “बाईंच्या नजरेतून चूक सुटायची नाही,” असं सगळे म्हणायचे. म्हणून हा कागद माझ्यापुढं आला. खरं सांगायचं तर मला कामाला लावून बघावं, त्या निमित्तानं ही रडेल तरी, असाही घरातल्या बायकांचा विचार असणार. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. पुढं ताट आलं की जेवायची, कुणी “पड जरा” म्हटलं की पडायची. आत्याबाई तर बाजूलाच बसून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, “दगड झालाय बघा पोरीचा,” म्हणायच्या.

मी कागद पुढं ओढला.

फोटो पूजेच्या दिवशीचा होता. धैर्यशीलनं आणि त्याच्या दोस्तानं, प्रमोद लोहारनं, उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बॅटरीवर चालणारी स्पोर्ट्स कार बनवली होती. बसकी, लांब नाकाची, लालभडक. दोन वर्षं दोघं त्या गाडीत जगले. फोटोत प्रमोद स्टिअरिंगवर बसलेला होता, धैर्यशील दाराला टेकून उभा आणि थोरले दीर नारळ घेऊन पुढं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार. खाली जाड अक्षरांत मजकूर: ‘स्वतः बनवलेल्या इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारचे इंजिन सुरू करताना चालक प्रमोद लोहार. यशस्वी चाचणीनंतर आनंदाच्या क्षणी कै. धैर्यशील खराडे व श्री. रणधीर खराडे.’

“हे मागून काय निघतंय?” मी विचारलं.

“धूर, वहिनी. धूर आणि जाळ. जरा दम आला बघा गाडीला.”

“बॅटरीची गाडी आहे, सुहास. तिला धूर येत नाही.”

“येत नाही?”

“तिला सायलेन्सरच नाही. धूर कुठून येणार? आणि इंजिन पण नाही, मोटर आहे. ‘इंजिन सुरू करताना’ काढ.”

“आयला, व्हय की,” सुहास म्हणाला आणि लगेच ओशाळला. सुतकाच्या घरात तोंडातून ‘आयला’ गेलं म्हणून. त्यानं खिशातलं पेन काढून कागदावर खुणा केल्या.

“फोटो उलटा छापलाय,” मी म्हणाले.

“उलटा कसा? डोकी वर हायत की.”

“आरशातल्यासारखा. स्टिअरिंग डावीकडं आलंय बघ. ह्यांच्या भुवईवरची खूण पण डावीकडची उजवीकडं गेली.”

ती खूण म्हणजे लहानपणी विटी लागली होती, त्याची. मी कितीतरी वेळा त्या खुणेवर बोट फिरवलं होतं. आता मी ती पाहिली आणि ती उजवीकडं आहे, एवढंच मनात आलं.

“ते मीच फिरवलं, वहिनी. कोपऱ्यात थोरल्या दादांचा फोटो टाकलाय, गाडीचं तोंड त्याच्याकडं येत होतं, बरं दिसत नव्हतं.”

“पहिल्यासारखं कर.”

“करतो. आणखी?”

आतून थोरले दीर आले. त्यांना सगळे दादा म्हणायचे, मीही. शिरोलीला त्यांची फौंड्री होती, तालमीत शब्दाला वजन होतं. सासरे गेल्यावर धैर्यशीलला त्यांनीच वाढवला. भाऊ गेल्यापासून त्यांनी दाढी केली नव्हती. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “झालं का गं बघून? सुहासला सोड लवकर. संध्याकाळी चौकात बांधायचाय.”

“होतंय,” मी म्हणाले.

मी परत मजकूर वाचला. ‘यशस्वी चाचणीनंतर’. इथं जरा थांबून सांगते, म्हणजे मी कशापाशी अडले ते कळेल. पूजा झाल्यावर धैर्यशील गाडी घेऊन समोरच्या रस्त्यावर गेला, वळणावर ब्रेक लागला नाही आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पोलिसांनी विचारलं, ट्रायल कुणी घेतली होती? दादांनी सांगितलं, प्रमोदनं. आदल्या दिवशी त्यानं चालवून बघितली, ब्रेक ठीक आहेत म्हणाला, म्हणून धैर्यशील बसला. झालं. प्रमोदनं धैर्याचा जीव घेतला, असं गल्लीत झालं. तालमीतल्या पोरांनी त्याला बाराव्याला पाय ठेवू नको म्हणून निरोप दिला होता. बाराव्याच्याच दिवशी दुपारी त्याचा जबाब होता आणि निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर लागणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. मीही ते ऐकलं होतं आणि ऐकून घेतलं होतं. प्रमोदवर मला राग यायला पाहिजे होता, पण तोही आला नव्हता.

मग ज्याला बाराव्याला येऊ देत नाहीत, त्याचं नाव फ्लेक्सवर एवढ्या जाड अक्षरांत कशाला? त्याचा मान ठेवायला नक्कीच नाही. चौकातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं वाचावं, की चाचणी झाली होती आणि ती ह्यानं घेतली होती.

मी गाडीच्या पुढच्या चाकाकडं पाहिलं. मग कागदाला नाक लागेल इतकी वाकले.

“सुहास, हे चाकाखाली काय आहे?”

“लिंबू, वहिनी. काढू का? पिवळा ठिपका वाईट दिसतोय.”

“काढू नको. मोठं करता येईल?”

त्यानं मोबाइल काढला, फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला आणि माझ्यापुढं धरला. चाकाच्या पुढ्यात टायरला चिकटून लिंबू होतं. गोल, अख्खं. आपल्याकडं नवी गाडी घेतली की पूजा करतात, चाकांखाली लिंबं ठेवतात आणि मग गाडी पहिल्यांदा पुढं घेतात, ती त्या लिंबांवरून.

“दादा,” मी म्हणाले, “हे लिंबू फुटलेलं नाही.”

“मग?”

“यशस्वी चाचणीनंतर लिहिलंय. गाडी अजून जागची हललेली नाही.”

“अगं, ट्रायल आदल्या दिवशी झालती. लिंबं पूजेच्या दिवशी ठेवली.”

“चालवून झालेल्या गाडीखाली?”

दादांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. सुहास एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागला.

“तुम्हीच सांगितलं होतं, दादा. आमच्या घरी जेवताना. ‘पूजेआधी चाक फिरायला नाही पाहिजे. आपल्यात तसं करत नाहीत.’ हे तुम्हाला म्हणाले, अहो दादा, घरी बनवलेली गाडी आहे, आधी दहा वेळा पळवून बघायला लागते. तर तुम्ही ताटावरून उठला. मग हे गप्प बसले. वर्कशॉपमधनं गाडी ढकलत बाहेर काढली, माणसं लावून. मी बघितलंय. चालवत आणली असती तर ढकलली कशाला असती?”

हे सगळं मला इतके दिवस माहीत होतं. डोक्यात पडून होतं आणि मी त्याच्याकडं वळूनही पाहिलं नव्हतं. प्रमोदनं ट्रायल घेतली असं माझ्यासमोर दहा जणांनी दहा वेळा म्हटलं आणि मी मान हलवत बसले होते.

“सुहास, तू जरा बाहेर जा,” दादा म्हणाले.

“बसू दे त्याला,” मी म्हणाले. “चूक त्यालाच दुरुस्त करायचीय.”

दादांचा चेहरा पडला. ते हाताची बोटं चोळायला लागले. मग त्यांचा आवाज एकदम फाटला. “मी काय सांगणार होतो गं त्या फौजदाराला? माझा भाऊ तिथं चादरीखाली पडलाय आणि तो मला विचारतोय, ट्रायल घेतली होती का? मी सांगू, की मीच घेऊ दिली नाही? मुहूर्त बघत बसलो म्हणून? तोंडातनं निघून गेलं, प्रमोदनं घेतलीय. एकदा गेलं ते गेलं. परत कसं घ्यायचं?”

“आणि प्रमोदभावजी?”

“तो काय बोललाच नाही. शेजारीच उभा होता. मी बोललो आणि तो खाली बघत राहिला. मला वाटलं, हा आता खोटं पाडणार. नाही पाडलं.”

दादा रडत होते. एवढा मोठा माणूस, मोकळा रडत होता. मला त्यांची दया येत नव्हती आणि रागही येत नव्हता. मी मोबाइल घेतला आणि प्रमोदला फोन लावला. म्हटलं, या, आत्ताच्या आत्ता या. मागल्या दारानं नको, पुढच्या दारानं या.

प्रमोद आला. धैर्यशीलच्या वयाचा, शाळेपासूनचा दोस्त. वेल्डिंगपासून वायरिंगपर्यंत गाडीचं निम्मं काम त्याच्या हातचं. उंबऱ्यापाशीच थांबला. अकरा दिवसांत निम्मा झाला होता.

“आत या,” मी म्हणाले. “बसा.”

“बरं हाय हितंच, वहिनी.”

“ट्रायल झाली नव्हती ना?”

त्यानं दादांकडं पाहिलं. दादांनी तोंडावरचा टॉवेल काढला आणि म्हणाले, “सांग, पम्या. कळलंय तिला. मी जातो उद्या तुझ्याबरोबर ठाण्यात. माझ्या तोंडानं सांगतो.” आणि ते गेलेही. जबाब बदलला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तालमीतलं पद सोडलं. ते पुढचं.

“नव्हती झाली,” प्रमोद म्हणाला.

“मग तुम्ही गप्प का बसला? इतके दिवस? लोक दारात येऊन काय काय बोलून गेले तुम्हाला. तुमची बायको, पोरगी सगळं ऐकत होती. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?”

“राहू दे, वहिनी.”

“राहू दे काय? गुन्हा लागत होता तुमच्यावर!”

माझा आवाज चढला. आतल्या बायका बोलायच्या थांबल्या. मला स्वतःलाच तो आवाज ओळखू आला नाही.

“बोललो असतो तर पुढचं पण सांगायला लागलं असतं,” तो म्हणाला.

“पुढचं काय?”

तो उंबऱ्यावरच खाली बसला. सुहासचा कागद त्याच्या पायाशी पसरलेला होता. त्यानं त्यातल्या धैर्यशीलकडं पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

“ब्रेकचं पेडल मऊ लागत होतं, वहिनी. खाली जात होतं. आम्हा दोघांनाबी ठाऊक होतं. मी म्हटलं, धैर्या, आज नको. तो म्हणाला, माणसं जमल्यात, दादा रुसतील, सावकाश वळणापर्यंत नेतो आणि आणतो. मग मी म्हटलं, तर मग मी नेतो. मी बसलोबी होतो आत. फोटोत बसलोय बघा, तो त्यासाठी बसलोय. त्यानं मला उतरवलं.”

“काय म्हणून?”

“राहू दे ना.”

“काय म्हणून उतरवलं, भावजी?”

प्रमोदनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “म्हणाला, ऊठ पम्या. तुझी पोरगी लहान हाय. माझ्यामागं कोण हाय?”

दादांनी टॉवेल परत तोंडावर घेतला.

“हसत म्हणाला, वहिनी. चेष्टेत. तुम्हाला ठाऊक हाय त्याचं बोलणं. पण मी हे पोलिसात सांगितलं असतं तर तुमच्या कानावर आलं असतं. म्हणून म्हटलं, जाऊ दे. मला शिव्या घालून तुमचं मन हलकं होत असलं तर होऊ दे.”

आम्हाला मूल नव्हतं. खूप दवाखाने झाले होते आणि शेवटी त्यानंच म्हटलं होतं, पुरे आता, तू आहेस की मला. ते त्यानं मनापासून म्हटलं होतं असं मी धरून चालले होते.

“कधी म्हणाला हे?” मी विचारलं.

“हा फोटो काढत होते तेव्हाच. हेच बोलत होता.”

“मग मी कुठं होते?”

उत्तर सुहासनं दिलं, अगदी हळू. “तिथंच होता, वहिनी. मूळ फोटोत आहात तुम्ही. मी कापलं.”

“का कापलं?”

“तुम्ही हिरव्या शालूत, ओवाळणीचं ताट घेऊन... आता श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तसं दाखवत नाहीत. लोक हळहळतात बघून. दादा पण म्हणाले, नको.”

धूर दिसला होता मला. स्टिअरिंग दिसलं, भुवईवरची खूण दिसली, टायरखालचं लिंबू दिसलं. त्या फोटोत मी नाही, हे काही दिसलं नव्हतं.

“दाखव,” मी म्हणाले.

सुहासनं मोबाइल माझ्या हातात दिला. अख्ख्या फोटोत मी धैर्यशीलच्या शेजारी होते, हात लांब केला तर त्याच्या खांद्याला लागेल एवढी जवळ. ताटातलं निरांजन वाऱ्यानं विझू नये म्हणून मी त्यावर तळवा धरला होता आणि सगळं लक्ष त्या ज्योतीवर. हलग्या वाजत होत्या, मला काही ऐकू आलं नसणार. आणि तो प्रमोदकडं वाकून बोलत होता. त्याचं तोंड उघडं होतं. दात दिसत होते.

मला राग आला. पायापासून डोक्यापर्यंत आला. दादांचा नाही, प्रमोदचा नाही. त्याचा आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो, हे मला ठाऊक नव्हतं. तो समोर असता तर मी त्याला धरून गदागदा हलवलं असतं.

“वहिनी?” सुहास म्हणाला. “मग खाली काय लिहू?”

“चाचणी झाली नव्हती असं लिही.”

“श्रद्धांजलीत असं...”

“असंच लिही. आणि फोटो हा घाल. अख्खा. चौघांची नावं लिही.”

त्यानं दादांकडं पाहिलं. दादांनी मान हलवली. प्रमोद उठला, पायात चप्पल घालायला लागला, एकदा पाय सरकला त्याचा.

मी मोबाइल सुहासला परत दिला नाही. स्क्रीन काळी व्हायला लागली की मी बोट लावायची, मग ती परत उजळायची. परत तो वाकून बोलायला लागायचा आणि परत मी ज्योतीवर हात धरून उभी.

“मी होते की रे,” मी म्हणाले. “मी तिथंच होते की.”

कुणाला म्हणाले ते तिघांनाही कळलं असावं. सुहास मोबाइल परत न मागता कागद गुंडाळायला लागला.